फॅक्टर ८ ला सांभाळणारं प्रथिन

हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आजाराचं नाव निघालं की फॅक्टर ८ हे रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन आठवतं. हा फॅक्टर कमी असला की रक्त नीट गोठत नाही, सांध्यांत आतल्या आत रक्तस्राव होतो. पण काहींच्या शरीरात फॅक्टर ८ व्यवस्थित तयार होतो, त्याच्या जनुकात काही खोट नसते, तरीही रक्त तपासलं तर तो कमीच भरतो. खोट असते ती त्याला सांभाळणाऱ्या प्रथिनात.

व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे ते प्रथिन. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी ते बनवतात. एकसारखे तुकडे जोडून झालेली ही लांबच लांब साखळी असते. जखम झाली की ती उघड्या पडलेल्या जागी चिकटते आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, अडवून धरते. फॅक्टर ८ ला अंगावर वागवणं हे तिचं दुसरं काम, आणि मला तेच जास्त विलक्षण वाटतं.

फॅक्टर ८ एकटा असेल तर त्याचं रक्तातलं प्रमाण सुमारे २ तासांत निम्म्यावर येतं. साखळीला चिकटलेला असेल तर त्याला साधारण १२ तास लागतात. सुट्या फॅक्टर ८ ला यकृतातल्या पेशी चटकन उचलतात, काही विकरं त्याचे तुकडे करतात. साखळीमुळे या दोन्हींना त्याच्यापर्यंत सहज पोचता येत नाही. शिवाय प्लेटलेट्सना चिकटणारी त्याची बाजूही झाकली जाते, त्यामुळे जखम नसताना तो कामाला लागत नाही.

जखमेपाशी थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं विकर त्याला ठरावीक जागी कापतं. साखळीला धरून ठेवणारा छोटा तुकडा त्यात निघून जातो आणि फॅक्टर ८ मोकळा होतो. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर तो फॅक्टर ९ या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवतो, आणि गुठळीच्या पुढच्या टप्प्यातला फॅक्टर १० सक्रिय होण्याचा वेग कित्येक हजार पटींनी वाढतो. काही मिनिटांतच फॅक्टर ८ चा एक भाग आपोआप निखळतो आणि त्याचं काम थांबतं. हे बरंच आहे, नाहीतर गुठळी जखमेबाहेरही वाढत गेली असती.

फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या रक्तस्रावाच्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. हिमोफिलिया बहुतेक मुलग्यांनाच होतो; हा आजार मुलींनाही होत होता, म्हणून हा हिमोफिलिया नव्हे हे त्यांनी ओळखलं. व्हॉन विलेब्रँड फॅक्टरमधल्या खोटीमुळे होणाऱ्या या आजाराच्या एका प्रकारात साखळी प्लेटलेट्सना नीट पकडते, फक्त फॅक्टर ८ तिच्यावर टिकत नाही. अशा रुग्णाला सौम्य हिमोफिलिया आहे असं सहज वाटू शकतं. मग नुसता फॅक्टर ८ टोचला जातो आणि तो भराभर नाहीसा होतो. म्हणून नेमकं निदान फार महत्त्वाचं.

या राखणीला एक मर्यादाही आहे. हिमोफिलियाच्या औषधातला फॅक्टर ८ जास्त टिकावा म्हणून त्यात बदल केले गेले, पण मुदत दीडपटीच्या आसपासच अडकली. शरीरातली साखळी त्याला धरते आणि ती स्वतः रक्तातून काढली जाते तेव्हा त्यालाही घेऊन जाते. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या एफानेसोक्टोकॉग अल्फा या औषधात फॅक्टर ८ ला व्हॉन विलेब्रँडचा फक्त त्याला धरणारा भाग आधीच जोडलेला असतो. त्यामुळे तो रुग्णाच्या साखळीला चिकटतच नाही, आणि आठवड्यातून एक इंजेक्शन पुरतं.