क्षयाचा जंतू प्रथिनं बाहेर कशी काढतो?

सांगली-मिरजेकडे बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. त्यामुळे जुन्या ट्युबरक्युलिन चाचणीत हातावर गाठ आली, तरी ती संसर्गामुळे की लहानपणीच्या लसीमुळे, हे ठरवणं अवघड जातं. सीवाय-टीबी या नव्या त्वचा चाचणीत हा घोळ होत नाही. ०.१ मिली द्रव कातडीत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. ५ मिमी किंवा जास्त कडकपणा आला तर चाचणी पॉझिटिव्ह. नुसती लाली मोजायची नाही. त्या द्रवात दोनच प्रथिनं असतात, ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. क्षयाचा जंतू ती बाहेर सोडतो, बीसीजीकडे मात्र त्यांची जनुकंच नाहीत. कालमेट आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गायीच्या क्षयजंतूची २३० वेळा उपवाढ केली, तेव्हा आरडी१ हा सुमारे ९,५०० अक्षरांचा डीएनएचा तुकडा गळून गेला, आणि ही जनुकं त्यातच होती. लस सौम्य होण्यामागचं हे मोठं कारण.

या जंतूला काहीही बाहेर काढणं सोपं नाही. पेशीच्या आतल्या पटलाबाहेर पेप्टिडोग्लायकन (पेशीभित्तिकेची जाळी), त्यावर शर्करांची जाळी आणि तिला जोडलेलं मायकोलिक आम्लांचं मेणचट बाह्य पटल. या आम्लांत कार्बनचे ६० ते ९० अणू असतात; शेंगदाणा तेलातल्या मेदाम्लांत बहुतांशी १६-१८. (थुंकीच्या तपासणीत लाल रंग आम्लाने धुतला जात नाही, तोही या आवरणामुळेच.)

सेक या जीवाणूंच्या नेहमीच्या निर्यात मार्गाने प्रथिन उलगडलेल्या स्थितीत आतलं पटल ओलांडतं. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० मात्र घडी घातलेल्या जोडीने निघतात. पत्ता असतो सीएफपी-१० च्या शेपटीत. तिथली शेवटची सात अमिनो आम्लं ईएसएक्स-१ या प्रथिनं बाहेर काढणाऱ्या यंत्रणेतल्या, एटीपी (पेशीचं इंधन) जाळणाऱ्या प्रथिनाला चिकटतात. शेपूट कापली की जोडी आतच अडकते, आणि दोघांपैकी एक नसेल तर दुसरंही बाहेर पडत नाही. याच घराण्यातल्या ईएसएक्स-५ ची रचना २०२१ मध्ये उलगडली: सहा भागांचं कडं, आतल्या पटलात प्रथिनाची १६५ सर्पिलं (मळसूत्री दांडे). बाह्य पटलातली वाट अजून निर्विवाद सापडलेली नाही.

प्रथिन खरंच बाहेर सोडलं गेलं की पेशी फुटून सांडलं, हे ओळखणं हीच प्रयोगशाळेतली खरी मेख. जंतू अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि ट्वीन-८० (साबणासारखं द्रव्य) नसलेल्या सॉटन या वाढ-माध्यमात वाढवायचे. अल्ब्युमिन प्रथिनं वेगळी करण्याच्या जेलवर बाकी सगळं झाकून टाकतं, ट्वीन बाहेरच्या आवरणातली प्रथिनं सोडवून आणतं. वाढीच्या ऐन भरातच पेशी खाली बसवायच्या. जुन्या कल्चरमध्ये पेशी फुटू लागतात. वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा आणि ३ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) पडद्यावर आटवायचा. दोन्ही प्रथिनं सुमारे १० किलोडाल्टनची, म्हणून १० चा पडदा घेतला तर ती निसटतात. मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रतिपिंडांनी ठरावीक प्रथिनाची पट्टी शोधणं. द्रवात ग्रोईएल-२ या एरवी पेशीत राहणाऱ्या प्रथिनाची पट्टी दिसली तर पेशी फुटल्या आहेत. तो नमुना बाद करावा.

शेजारी ईएसएक्स-१ मोडलेला वाणही चालवावा. त्याच्या द्रवात ईसॅट-६ दिसता कामा नये, पेशींत दिसायला हवं. क्षयजंतूचा नातेवाईक मायकोबॅक्टेरियम मरिनम वापरत असाल तर पेशींतली पट्टीही फिकी येऊ शकते, कारण पटलातलं यंत्र मोडलं की हा जंतू त्या प्रथिनांची निर्मितीच कमी करतो.