मठाच्या पागेत आधुनिक चित्रे : फोंतेव्रोची पार्श्वभूमी

नागपुरात महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या पागा आणि गोठ्यांचे काय करायचे, ही चर्चा अनेकदा ‘कलादालन करू’ इथे येऊन थांबते. फ्रान्समधल्या फोंतेव्रो मठाने हे करून दाखवले आहे. मठाच्या अठराव्या शतकातल्या पागेत आणि चाऱ्याच्या कोठीत मे २०२१ मध्ये आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले.

हा मठ ११०१ मध्ये रोबेर द’आर्ब्रिसेल यांनी स्थापला. साध्वी आणि साधू दोघेही तिथे राहत, आणि कारभार महंतीणीच्या हाती असे. राज्यक्रांतीनंतर १७९२ मध्ये साध्वींना बाहेर काढले गेले. १८०४ च्या नेपोलियनच्या हुकुमाने मठाचा तुरुंग झाला, तो १९६३ मध्ये बंद झाला. चर्चमध्येच मजले घालून कैदी ठेवले होते. नुकसान मोठे झाले, पण वापर चालू राहिल्याने भिंती उभ्या राहिल्या. पुढे मार्टिन आणि लेऑं क्लिग्मन या दांपत्याने आपला संग्रह दिला. त्यात तुलूझ-लोत्रेक, देगा, रोबेर दलोने या चित्रकारांची कामे आहेत.

पागाच का? पूजास्थानापेक्षा तिथे फेरबदलाला मोकळीक जास्त असते. लांबलचक सलग खण मिळतात. खिडक्या लहान आणि उंचावर असतात, हे चित्रांना मानवते : तैलचित्राला २०० लक्स (प्रकाश मोजायचे एकक) पुरे, कागदावरच्या कामाला ५०.

खरी अडचण भिंतीत असते. घोड्यांच्या मुतातला नत्र जिवाणूंमुळे नायट्रेट बनतो आणि दगड-चुन्यात मुरतो. बंदुकीच्या दारूचा सोरा पूर्वी अशाच भिंतींवरून खरवडत. कॅल्शियम नायट्रेट साधारण ५० ते ५५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि संग्रहालये नेमकी हीच पातळी राखू पाहतात. आर्द्रता थोडी खाली-वर झाली की क्षार सुकतो, फुगतो, पुन्हा विरघळतो. मग लोणा लागतो, पोपडे सुटतात. वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओल बाहेर पडत नाही, ती आणखी वर चढते.

म्हणून आधी सिमेंट काढायचे, तेही ओलीच्या रेषेच्या वर अर्धा मीटरपर्यंत. सांधे २० ते २५ मिलिमीटर खोल कोरायचे. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात कालवून २ ते ३ सेंटिमीटर जाड थापायचा, सुकला की क्षारासकट उतरवायचा. एकदा करून भागत नाही, दोन-तीन फेऱ्या लागतात. नंतर एक भाग चुना, तीन भाग वाळूचा गिलावा. उरलेला क्षार त्यात उतरतो, म्हणून हा गिलावा काही वर्षांनी बदलावा लागणार हे अंदाजपत्रकात आधीच धरावे.

नागपुरात मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांखाली जाते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर चढते. अजब बंगल्यातली, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली, दगडी शिल्पे हे सोसतात, कॅनव्हास सोसत नाही. लगद्याचे काम हिवाळ्यातच घ्यावे : उन्हाळ्यात लगदा क्षार ओढण्याआधीच तडकून सुटतो, पावसाळ्यात सुकतच नाही. वरचा मजला चाऱ्यासाठी बांधलेला असतो. माणसांच्या गर्दीसाठी चौरस मीटरला निदान ४०० किलो भार धरून तुळया तपासाव्यात. आणि चित्र भिंतीला टेकवू नये. वेगळ्या चौकटीवर, मागे ५ ते १० सेंटिमीटर हवा खेळती ठेवून लावावे.