मागच्या काचेवरच्या रेघा: एक तुटली म्हणून अख्खी काच बदलायची का?

नागपुरात गॅरेजवाल्याला सांगून बघा की मागच्या काचेचा डिफॉगर (म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या त्या आडव्या रेघा) नीट चालून नाही राहिला, उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, "भाऊ, काचच बदलून टाका न, कायले डोकं लावता." काच तडकली असेल तर त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण एखाद-दोन रेघा मेल्या असतील तर अजिबात नाही, आणि हा फरक कशामुळे पडतो ते त्या रेघा काचेवर कशा येतात हे कळलं की आपोआप समजतं.

त्या रेघा म्हणजे तारा नाहीत आणि वरून चिकटवलेलं स्टिकरही नाही. चांदीची पूड आणि काचेचा अगदी बारीक चुरा यांची पेस्ट करतात आणि ती सपाट काचेवर स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, लग्नपत्रिका छापतात तशीच. मग ती काच भट्टीत जाते, ६०० अंशांच्या वर तापते, मऊ होऊन गाडीच्या आकारात वाकते आणि छापलेल्या रेघा तिच्या अंगात भाजून बसतात. बाहेरून त्या तपकिरी दिसतात कारण भाजताना थोडी चांदी काचेत शिरून तिला रंग देते. भट्टीतून निघाल्या निघाल्या काचेवर दोन्हीकडून जोरात हवा मारतात, त्यामुळे वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि वरच्याला आत ओढून धरतो. अशी काच जबरदस्त मजबूत होते, हिलाच आपण टफन म्हणतो. पण त्या ताणामुळेच एकदा का तडा आतल्या थरापर्यंत गेला की अख्खी काच एका क्षणात खडीसारखे दाणे होऊन डिक्कीत सांडते. समोरची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर, म्हणून तिच्यावर दगड लागला तर रेझिन भरून काम भागतं. मागच्या काचेला तसला उपाय नाही, तिला नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आणि रेघा पुन्हा भाजायच्या म्हटलं तर भट्टीत घालावी लागेल म्हणजे टफनपणाच गेला.

आता वीज. दोन्ही बाजूंना दोन उभ्या जाड पट्ट्या असतात, एकीला बॅटरीचा प्लस, दुसरीला बॉडीचा अर्थ, आणि मधल्या सगळ्या आडव्या रेघा एकमेकींना समांतर जोडलेल्या. समजा १२ व्होल्टवर सगळ्या मिळून १५ अँपिअर घेतात, म्हणजे १८० वॉट. अशी साधारण साडेचार किलोची काच १८० वॉटने तापवायची तर एक अंश चढायला वीसेक सेकंद लागतात, थोडी उष्णता बाहेर जाणार हे धरलं तरी दोन-चार मिनिटांत काच एवढी कोमट होते की धुकं उडतं. म्हणून तर बऱ्याच गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांनी टायमर डिफॉगर आपोआप बंद करतो, बॅटरीवर एवढा बोजा उगाच कोण ठेवेल.

समांतर जोडणी असल्यामुळे एक रेघ तुटली तर बाकीच्यांना काहीच फरक पडत नाही, त्यांना तेच १२ व्होल्ट मिळत राहतात. "एक गेली की बाकीच्यांवर लोड येऊन त्याही जातील" असं जे सांगतात ते चूक आहे, उलट एकूण करंट कमीच होतो. पण त्या एका रेघेचं मात्र पूर्ण वाटोळं होतं. तुटलेली जागा नखाएवढीही नसली तरी करंटला दुसरा रस्ताच नाही, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी रेघ थंड पडते. (काही गाड्यांत मध्ये आडव्या रेघांना जोडणाऱ्या उभ्या रेघाही असतात, तिथे दोन उभ्या रेघांमधला तुकडाच मरतो.)

आपल्याकडे एवढी थंडी कुठे पडते की डिफॉगर लागावा, असं म्हणणारे भेटतात. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता हे विसरले वाटतं! आणि थंडी इतकी नसली तरी सकाळी सहाला रामटेकला निघालात, गाडीत पाच जण, काचा बंद, तर पाच जणांच्या श्वासातली वाफ थंड काचेला आतून धरणारच. पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. ऑगस्टमध्ये बाहेर २७ अंश, दमट हवा, तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २४ अंशांच्या आसपास, आणि तुम्ही एसी लावून काच त्याच्या खाली नेली की धुकं बाहेरून येतं, आतून कितीही फडकं मारा, जाणार नाही. डिफॉगर दोन्हीकडचं घालवतो, कारण तो काचच गरम करतो.

तरी आपल्याकडे या रेघा झिजून मरत नाहीत, मारल्या जातात. सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे काचेवरची फिल्म खरवडायचं ब्लेड. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा ट्रॅफिकवाल्यांनी चौकाचौकांत फिल्म ओढून काढल्या होत्या, आणि रेघा काचेच्या आतल्या बाजूला, फिल्मच्या बरोबर खाली, म्हणजे जुना गोंद पकडून रेघाही सोबत निघून येतात. आजही फिल्म काढायची असेल तर ती उन्हात किंवा वाफेने गरम करून, रेघांच्या दिशेने, म्हणजे आडवी, हळूहळू सोलायची आणि उरलेला गोंद फडक्याने पुसायचा, ब्लेड नकोच. दुसरा गुन्हेगार डिक्कीत कोंबलेलं सामान, पेटीचा कोपरा काचेला घासत राहतो.

मेलेली रेघ शोधायला मशीन लागत नाही. काचेवर धुकं असताना डिफॉगर लावायचा आणि बघत बसायचं, चांगल्या रेघांच्या भोवती आधी स्वच्छ पट्टे पडतात आणि जिथे आडवा पट्टा धुरकटच राहतो ती मेलेली. नेमकी कुठे तुटली ते शोधायला मात्र मल्टिमीटर हवा, म्हणजे व्होल्ट आणि रोध मोजायचा छोटा मीटर. डिफॉगर चालू ठेवून काळी तार बॉडीला लावा आणि लाल तारेच्या टोकाला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा गुंडाळा, नाहीतर टोकानेच नवी ओरखड पडेल. चांगल्या रेघेवर प्लसकडून सरकत गेलं की आकडा हळूहळू उतरतो, मध्यावर ६ च्या आसपास, दुसऱ्या टोकाला शून्य. तुटलेल्या रेघेवर उतरतच नाही, १२, १२, १२ आणि एका जागी एकदम शून्य. तिथेच तुटलीय, तिथे टेपचा तुकडा लावून ठेवा.

दुरुस्तीला सिल्व्हर कंडक्टिव्ह पेंटची, म्हणजे चांदी मिसळलेल्या, वीज वाहून नेणाऱ्या रंगाची छोटी बाटली मिळते. तुटलेली जागा अल्कोहोलने पुसा, रेघेच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावून रेघेएवढीच फट ठेवा, आणि दोन्हीकडच्या चांगल्या रेघेवर थोडं चढेल असा पेंट दोन-तीन थरांत मारा. थर पातळ राहिला तर त्या जागेचा रोध वाढतो, सगळी उष्णता तिथेच जमते आणि जोड पुन्हा जळतो, म्हणून घाई करून एकच हात मारून सोडू नका. टेप पेंट पूर्ण वाळायच्या आधी काढायची, नाहीतर कडेने पापुद्रा येतो, आणि स्विच दुसऱ्या दिवशीच दाबायचा. मे महिन्यात हे काम भर उन्हात नको, काचच इतकी तापलेली असते की पेंट पसरायच्या आधीच गोळा होतो. पेन्सिलने रेघ ओढा म्हणणारे सापडतात, पण पेन्सिलीच्या रेघेचा रोध इतका जास्त असतो की काच गरम व्हायला काहीच उरत नाही.

सगळ्याच रेघा एकदम गेल्या तर रेघांकडे बघूच नका. आधी फ्यूज, मग रिले (बटण दाबलं की डिफॉगरला करंट जोडणारा स्विच), मग बाजूच्या पट्टीला वायर जिथे लागते तो धातूचा टॅब. तो सुटलेला असेल तर फेविक्विकने चिकटतो पण वीज जात नाही. कंडक्टिव्ह इपॉक्सी, म्हणजे वीज वाहून नेणारा गोंद वापरा, कारण साधा सोल्डर नवख्या हाताने केला तर जास्त तापून पट्टीची चांदीच खाऊन टाकतो. हॅचबॅकवाल्यांनी डिक्कीच्या बिजागरीजवळचं रबरी नळकांडं काढून बघावं, दार हजारदा उघडून-मिटून त्यातली वायर आतल्या आत तुटलेली असते आणि वरून इन्सुलेशन शाबूत, त्यामुळे कुणाला कळत नाही.

आणि काच फुटलीच असेल तर बदलणं आलं. बहुतेक आताच्या गाड्यांत ती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने चिकटवतात, जुन्या मारुतीसारखी रबराच्या बीडिंगमध्ये नाही, म्हणून सीलंट धरेपर्यंत गाडी हलवू नका आणि दारं आपटू नका. बऱ्याच गाड्यांचा रेडिओचा अँटेनाही याच काचेवर छापलेला असतो, अँटेना नसलेली काच बसवली तर धुकं तर जाईल पण एफएम खरखरेल. पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जाऊ शकतो, छोट्या गाडीची काच असेल तर हिशोब करून बघा. नवी काच चिकटवायच्या आधी दोन्ही टॅबना मल्टिमीटर लावायला सांगा, एक ओहमच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. काचवाला कंटाळा करेल, "नवीच हाय न भाऊ" म्हणेल, तरी लावायला लावा, कारण वाहतुकीत ओरखडलेली काच सीलंट लागल्यावर कुणी परत घेत नाही.