‘टाटा’ चालवतं कोण?

निवडणूक जवळ आली की अमळनेरच्या स्टँडवर चहासोबत हा वाद ठरलेला. एक जण म्हणतो, सरकारने कॅन्सरसाठी काय केलं? दुसरा लगेच, ‘टाटा हॉस्पिटल टाटास्ना पैसावर चालस, सरकार काहीच देस नही.’ माना डोलतात. पण हे खरं नाही.

परळचं हे रुग्णालय टाटांनीच उभारलं, यात शंका नाही. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू केलं. पण 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. अणुऊर्जा आणि दवाखाना? रेडिएशनचा उपचार आठवा, मग कोडं सुटतं. म्हणजे तिथला मुख्य पैसा केंद्राच्या अंदाजपत्रकातून, आपल्याच करातून येतो. देणग्याही येतात, टाटांच्या ट्रस्टची मदतही थांबलेली नाही.

दुसरं टोकही चूकच: ‘सरकारी आहे, म्हणजे सगळं फुकट.’ जनरल वर्गात सवलत असते, खासगी वर्गात बिल भरावं लागतं.

राज्याची जनआरोग्य योजना वेगळी. ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. कॅन्सरचे उपचार तिच्यातही बसतात. सरकार पुरेसं देतं का, यावर खुशाल भांडा, मीही भांडेन. पण ‘काहीच देस नही’ म्हणू नका.