प्राचार्यांचा अधिकार: आला कुठून, अडला कुठे

2023 च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजचा व्हिडिओ राज्यभर फिरला. पावसाच्या पाण्यात ओणवे केलेले एनसीसीचे छात्र आणि त्यांना काठीने झोडपणारा त्यांचाच सीनियर. प्राचार्यांनी त्याला निलंबित केलं, चौकशी समिती नेमली. या अधिकाराला मोठा इतिहास आहे.

ठाण्यातली जुनी कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न. जोशी-बेडेकर 1969 चं. कॉलेजात प्राचार्य हेच पालक, ही धारणा तेव्हा पक्की होती आणि रोजच्या व्यवहारात ती आजही दिसते. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की नोटीस बोर्डावरच्या डिफॉल्टर यादीत नाव लागतं, मग फर्मान येतं: पालकांना घेऊन या. प्रवेशाच्या वेळी पालक आणि विद्यार्थी दोघांच्या सह्यांचं हमीपत्र घेतात. खिडकीपाशी रांगेत उभं राहून ते वाचतं कोण? पुढे कारवाईची वेळ आली की तोच कागद समोर ठेवला जातो.

शिक्षेआधी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घनश्यामदास गुप्ता खटल्यात सांगितलं. तो खटला उत्तर प्रदेशातल्या परीक्षेतल्या कॉपीचा होता. 1973 च्या रांचीच्या प्रकरणात मुलींच्या वसतिगृहात घुसलेल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. तक्रारदार मुलींची उलटतपासणी घेऊ दिली नाही, तरी न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. मुलींना आरोपींसमोर उभं केलं असतं, तर पुन्हा तोंड उघडायला कोणी धजावलं नसतं.

रॅगिंगबाबत प्राचार्यांच्या अधिकाराला कर्तव्याची जोड मिळाली. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यानुसार तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर निलंबन करून प्रकरण पोलिसांकडे द्यायचं. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. 2009 मध्ये हिमाचलात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये जीव गेला आणि त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, देशव्यापी नियम आले. वाशी-नेरुळकडच्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनाही ते लागू आहेत.

विद्यार्थ्यांचा स्वतःचा आवाज मात्र याच काळात गेला. 1989 मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वादातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून गुणांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. 2016 च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या. 2019 मध्ये त्या होणार म्हणता म्हणता विधानसभा निवडणुकीमुळे पुढे गेल्या, पाठोपाठ कोविड आला. निवडून आलेला प्रतिनिधी पाठीशी नसलेल्या मुलाला प्राचार्यांच्या केबिनमध्ये एकट्यानेच उभं राहावं लागतं, आणि ही उणीव कुठलीही समिती भरून काढत नाही. 2023 च्या यूजीसी नियमांनी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर अपील ऐकणारा लोकपाल दिला आहे. समितीने शक्यतो कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो.