कुरवाच्या चोचीवरचा खारट थेंब

कुरव पक्षी, म्हणजेच सीगल, समुद्राचे पाणी 'गाळून' पितो आणि त्याच्या डोक्यात जणू जलशुद्धीकरण यंत्रच बसवलेले असते, असे सांगणाऱ्या चित्रफिती अधूनमधून फिरत असतात. प्रत्यक्षात हा पक्षी काहीही गाळत नाही. तो पाणी मिठासकट पितो, ते मीठ आतड्यांतून रक्तात उतरते आणि खरी करामत त्यानंतर सुरू होते.

समुद्राच्या 1 लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. माणसाच्या मूत्रपिंडांना लघवीतील मीठ 2 टक्क्यांच्या फारसे वर नेता येत नाही. त्यामुळे एवढे मीठ टाकून देण्यासाठी दीड लिटरहून अधिक पाणी खर्ची पडते. कुरवाची मूत्रपिंडेही याहून सरस नसतात. मात्र त्याच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत, चंद्रकोरीसारख्या दोन ग्रंथी असतात आणि त्यांचा स्राव सुमारे 5 टक्के खारट असतो. म्हणजे 35 ग्रॅम मीठ 700 मिलिलिटर पाण्यात बाहेर पडते आणि उरलेले 300 मिलिलिटर पक्ष्याच्या पदरी निव्वळ गोडे पाणी म्हणून पडते.

शरीररचनेच्या अभ्यासकांना या ग्रंथी पूर्वीपासून ठाऊक होत्या, परंतु त्यांचे काम शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958च्या सुमारास उलगडले. वजनाच्या जवळपास एक दशांश समुद्रजल पाजलेल्या कुरवाने सुमारे 3 तासांत बहुतेक सगळे मीठ बाहेर टाकले, आणि त्यातील साधारण नऊ दशांश वाटा नाकावाटे येणाऱ्या या ग्रंथींच्या स्रावाचा होता.

ग्रंथीच्या प्रत्येक खंडात मधोमध एक नलिका आणि तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. त्यांना लगटून रक्त स्रावाच्या उलट दिशेने वाहते. नळीच्या पेशींमध्ये रक्ताकडील बाजूस प्रथिनांचे पंप असतात. एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक पदार्थाचा एक रेणू खर्च करून असा पंप सोडियमचे 3 आयन (प्रभारित कण) बाहेर ढकलतो आणि पोटॅशियमचे 2 आत ओढतो. पेशीतील सोडियम असे घटले, की रक्तातील सोडियम दुसऱ्या एका प्रथिनाच्या वाटेने आत घुसतो आणि येताना क्लोराइडला सोबत आणतो. क्लोराइड पलीकडे नळीत उतरते; त्याच्या ऋण प्रभाराच्या ओढीने सोडियम पेशींच्या फटींतून मागोमाग जातो. वाचताना हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण गाळणी आणि पंप यांतला फरक नेमका येथेच आहे: गाळणीत मीठ अडते, येथे ते ऊर्जा खर्चून उपसले जाते.

हा स्राव नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी येतो, तेथे क्षणभर पारदर्शक थेंब लोंबतो आणि पक्षी मान झटकून तो उडवतो. कुरव म्हणजे बुडालेल्या खलाशांचे आत्मे, अशी दर्यावर्दी लोकांची जुनी समजूत आहे. पण हा थेंब आसू नव्हे, तो डोळ्यातून येतच नाही.

सुरय, पाणचिरा, चिखल्या, तुतवार हे कुरवाचे गणबांधवही अशी ग्रंथी बाळगून असतात. गोड्या पाण्यावर राहणाऱ्या पक्ष्यात ती लहान असते आणि खाऱ्या पाण्याची सवय लागली, की काही दिवसांतच ती वाढू लागते.