झिरो मारणं आणि कॅलिब्रेशन: पासंग वेगळा, वजन वेगळं

मे महिन्यात जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ताज्या हवेच्या डक्टमधला, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळातला, प्रवाह मोजायला गेलो होतो. मॅनोमीटर, म्हणजे दाबातला फरक मोजणारं उपकरण, हातात देताना मेंटेनन्सचा मुलगा म्हणाला, "भाऊ, आत्ताच झिरो मारलाय. कॅलिब्रेशन झालेलं आहे." मुलगा कामाचा, चटपटीत. पण या एका वाक्यात दोन वेगळी कामं एक झाली होती, आणि ही गल्लत मी धुळ्यापासून भुसावळपर्यंत पाहत आलोय.

रावेरकडे केळी मोजणाऱ्या कुणालाही हा फरक लगेच कळेल. रिकाम्या काट्यावर ०.०० दिसतंय का, हे पाहणं म्हणजे पासंग पाहणं. पण त्याच काट्यावर वैधमापनाचा शिक्का असलेलं २० किलोचं वजन ठेवलं आणि काटा १९ दाखवू लागला, तर? पासंग बरोबर, तरीही शेतकऱ्याचा प्रत्येक घड कमीच भरणार. झिरो मारणं म्हणजे पासंग काढणं. कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेलं वजन ठेवून उपकरण काय दाखवतं ते लिहून घेणं. त्यात उपकरण दुरुस्त होतंच असं नाही. ते किती चुकतंय, एवढंच कळतं.

डक्टच्या कामात या दोन चुका वेगवेगळ्या जागी चावतात. पिटो ट्यूब समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब आणि बाजूच्या छिद्रांतून स्थिर दाब घेते. मॅनोमीटर त्यांतला फरक दाखवतो आणि वेग निघतो त्या फरकाच्या वर्गमुळातून. समजा, झिरो १ पास्कलने सरकलाय. मुख्य डक्टमध्ये ६० पास्कल असताना ६१ दिसले, तर वेगात एक टक्काही फरक पडत नाही. पण डक्टच्या लांबच्या फांदीत, जिथे दाब ४ पास्कलच आहे, तिथे ५ दिसले की वेग सुमारे १२ टक्के फुगतो. उलट उपकरणच सगळीकडे १० टक्के जास्त दाखवत असेल, तर ६० चे ६६ होतात आणि ४ चे ४.४. वेग दोन्हीकडे सारखाच, सुमारे ५ टक्के चुकतो. ही दुसरी चूक झिरोचं बटण हजार वेळा दाबलं तरी जात नाही, कारण शून्यावर ती दिसतच नाही.

मग साइटवर दुसरी चूक पकडायची कशी? तिरक्या नळीचा मॅनोमीटर, एक टी (तीन तोंडांचा जोड), रबरी नळ्या आणि मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज एवढं पुरतं. टीच्या एका तोंडाला सिरिंज, उरलेल्या दोन तोंडांना तिरका आणि तपासायचा असे दोन्ही मॅनोमीटर. सिरिंजचा दट्ट्या अगदी हळू दाबायचा, एका दाबावर थांबायचं, दोन्ही आकडे लिहायचे. चार-पाच दाबांवर चढताना आणि मग उतरताना. साध्या यू नळीत ६० पास्कल म्हणजे पाण्याचे जेमतेम ६ मिलिमीटर, ते डोळ्यांनी काय वाचणार? एकास दहा तिरकी केलेली नळी तेच ६० मिलिमीटर लांब करून दाखवते. फक्त तिचा लेव्हलचा बुडबुडा मध्ये हवा आणि आत तिच्या पट्टीसाठी ठरलेलंच द्रव हवं.

आणि हे सावलीत करा. आमच्याकडच्या उन्हात बंद नळीतली हवा तापते आणि आकडा आपोआप चढत राहतो. नळी मुठीत धरली तरी तो हलतो. त्या दिवशी मी नळ्या पत्र्यावरून उचलून आत फरशीवर ठेवल्या, दहा मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे आकडा एका जागी बसला.

याच उन्हामुळे आणखी एक घोळ होतो, आणि माझ्या मते तो सगळ्यात महागात पडतो. हवेची घनता पुस्तकात १.२ किलो प्रति घनमीटर धरतात. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच. ४५ अंशांना इथली घनता १.०८ च्या आसपास येते. पिटोला ६० पास्कल मिळाले, तर खरा वेग सेकंदाला साधारण १०.५ मीटर. १.२ वर सेट केलेला मॅनोमीटर १० दाखवेल. तिथेच १.२ घनतेच्या हवेवर लावलेला हॉट वायर, म्हणजे तापलेली तार किती थंड होते त्यावरून वेग सांगणारं उपकरण, सुमारे ९.५ दाखवेल, कारण तारेला थंड करते ती हवेची वस्तुमानाची आवक. तीन आकडे, आणि एकही उपकरण बिघडलेलं नाही. अशा वेळी लोक एकाला दुसऱ्याशी जुळवायला ॲडजस्टमेंट फिरवतात आणि चांगलं उपकरण बिघडवून ठेवतात. आधी तापमान आणि वायुदाब घालून हिशेब करा, मगच कुणावर संशय घ्या.

हॉट वायरचा झिरो टोपी घालून साइटवर पाहता येतो. त्याचं कॅलिब्रेशन मात्र प्रयोगशाळेतल्या विंड टनेलचं, म्हणजे ठरलेल्या वेगाने हवा सोडणाऱ्या बोगद्याचं, काम. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची घ्या आणि सर्टिफिकेटवर तुम्ही वापरता तेच वेग आहेत का ते बघा. २० मीटरला तपासलेलं यंत्र ३ मीटरला कसं वागतं, ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

पिटो ट्यूबचं टोक चेपलेलं नाही आणि छिद्रं मोकळी आहेत, एवढं पाहिलं की सहसा भागतं. डाळ मिलच्या डक्टमधून काढलेली पिटो मात्र प्रत्येक वेळी फुंकून घ्या. तुरीची भुकटी बाजूच्या बारीक छिद्रांत बसली की स्थिर दाब खोटा येतो, आणि मॅनोमीटर कितीही खरा असला तरी त्याला ते कळत नाही.